हैबती, खाली ये

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, कारण मी जो आकडा सांगेन त्यात शेळवंडीचा एक म्हातारा पन्नास वर्षं घालणार आणि दुसरा तितकीच काढणार. एवढं नक्की, की तेव्हा इंजिन कुणी पाहिलं नव्हतं. नदीकाठी ऊस पिकायचा, दिवाळी सरली की गुऱ्हाळ लागायचं, आणि ऊस गाळायला बैलांचा लाकडी चरक असायचा.

तो चरक तुमच्या डोळ्यांपुढे यायला हवा, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. बाभळीचे दोन जाडजूड रूळ एकमेकांना खेटून उभे. एका रुळाच्या डोक्यात लांब दांडी खोवलेली, दांडीच्या टोकाला बैलजोडी. बैल गोल फिरत, रूळ फिरत, आणि रुळांच्या फटीत समोर बसलेला माणूस एकेक ऊस देत राही. पुढून ऊस आत जाई, खाली रस गळे, मागून चिपाड बाहेर पडे. आता त्या फटीला ऊस कुठला आणि हात कुठला हे काय कळणार? बोट गेलं की मनगट जाई, मनगट गेलं की कोपर. आणि बैलाला 'हो' म्हणून थांबवलं तरी दोन पावलं तो टाकतोच. त्या दोन पावलांत माणूस जायचा.

म्हणून चरकाशेजारी एक दगड मांडलेला असे, आणि त्या दगडावर एक माणूस कोयता घेऊन बसे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याला दुसरं काम नसे. कुणाचा हात रुळात गेला, की तो खांद्यापर्यंत ओढला जायच्या आत तोडायचा. हात गेला तरी माणूस राहायचा. इतर गावांत माणसं चरकात मरत, शेळवंडीत मरत नसत, आणि शेळवंडीला याचा भारी अभिमान होता. खंडेनवमीला पहिली पूजा त्या कोयत्याची. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. "आमच्या कोयत्याची धार अशी, की कळतसुदिक न्हाई," असं लोक पाहुण्यांना छाती फुगवून सांगत. कुणाला कळत नाही, ते मात्र सांगत नसत. गावात तेव्हा एका हाताची सात माणसं होती. त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

कोयत्याचा मान सुताराच्या घरात होता. ज्यानं चरक घडवला त्यालाच घाव कुठे घालायचा ते ठाऊक, असा गावाचा विचार. आज्यानं चरक घडवला, बाप दगडावर बसला, आणि बापाच्या मागं त्याचा एकुलता एक मुलगा बसला. त्याचं नाव हैबती.

पाच हंगाम हैबती त्या दगडावर बसला आणि पाच हंगामांत कोयता उचलायची वेळ त्याच्यावर आली नाही. माणूस मोठा हसरा होता, असं म्हणतात. कोयता मांडीवर आडवा टाकून गप्पा हाणायचा. हंगाम संपला की दारोदार सुतारकाम. सकाळी उजाडल्यापासून त्याच्या नावाच्या हाका सुरू व्हायच्या. हैबती, पाळण्याचा पाय मोडलाय. हैबती, नांगराचं बघ जरा. हैबती, आता भाकरी खाऊनच जा. बायको दोन वर्षांपूर्वी तापानं गेली होती, लेकरू नव्हतं, पण एवढ्या हाका असल्यावर माणसाला घर रिकामं वाटत नाही.

आणि सगळ्यांत मोठी हाक खेमा माळ्याची. खेमा त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. उंच, सडपातळ, आणि हात इतके लांब की उभ्या उभ्या गुडघे खाजवायचा. पेरूच्या झाडाखाली त्यानं कधी उडी मारली नाही. नुसता हात वर केला की पेरू हातात. नदीपलीकडून तो "हैबतीऽऽ" म्हणून ओरडला की अलीकडची गुरं माना वर करायची.

चरकावर ऊस द्यायला खेमा बसायचा. चरकाचा मालक मानाजी पाटील. माणूस वाईट नव्हता, पण उसाचं बोटभर टिपरूसुद्धा वाया गेलेलं त्याला खपत नसे. हात मागं बांधून फेऱ्या मारायचा आणि म्हणायचा, "शेवटपतुर सार गड्या, शेवटपतुर." शेवटचं टिपरू रुळांनी ओढेपर्यंत तळव्यानं रेटावं लागे. सगळेच रेटत. खेमाही रेटायचा.

सहाव्या हंगामाच्या अखेरीला, शिमगा आठ दिवसांवर आलेला असताना, भर दुपारी खेमाच्या बोटांनी ते टिपरू सोडायला पापणी लवण्याइतका उशीर केला.

तो किंचाळला नाही. एकच शब्द ओरडला. "हैबती!"

बैल दोन पावलं चालले. कोयत्याला खरोखरच फार चांगली धार होती.

खेमा वाचला. उजवा हात गेला. गावानं पाटलाला, कोयत्याला आणि देवाला नारळ वाढवला. "झोपला असंल," असं लोक खेमाबद्दल बोलले आणि "जलमाचं पुण्य केलंस," असं हैबतीला म्हणाले. ते शेवटचंच बोलणं. कारण दुसऱ्या दिवसापासून गावाच्या मनानं एक भलतंच घेतलं. हैबतीचं नाव घेतलं आणि कोयता पडला, हे साऱ्यांनी कानांनी ऐकलं होतं, डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा ते नाव तोंडातून काढलं की कोयता उठतो, असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते कधीच कळत नाही. आधी चरकाजवळ ते नाव घेणं बंद झालं, मग हंगामभर, मग बाराही महिने. पाळण्याचा पाय मोडला तर लोक पाळणा त्याच्या दाराशी ठेवून जात, दुरुस्त झाला की घेऊन जात. दारात शेर दोन शेर जोंधळा ठेवलेला असे. बायका त्याच्या वाटेवरून पोरांना आत ओढून घेत. बोलायची वेळ आलीच तर "त्यो तिकडचा" म्हणत.

बायको असती तरी तिनं त्याचं नाव घेतलं नसतंच, त्या काळी घेत नसत. पण "अवं" तरी म्हणाली असती.

एकटेपणा कसा असतो ते ज्यानं भोगलं त्यालाच माहीत. हैबती कधीकधी नदीवर जाऊन स्वतःच स्वतःचं नाव घेऊन बघायचा, ते अजून आहे ना म्हणून. असं म्हणतात, की पाणी सगळ्यांच्या हाका परत द्यायचं, त्याची द्यायचं नाही. आणि एक गोष्ट त्याला आतून कुरतडत होती. खेमानं ती हाक मारली, ती 'मार' म्हणून की 'नको' म्हणून? विचारायला खेमाच्या दारापर्यंत तो तीनदा गेला. तिन्ही वेळा दार आतून लावलेलं होतं.

त्यानंतरची दुसरी खंडेनवमी आली. कोयत्याची पूजा करायला गाव जमलं, तेव्हा हैबती सगळ्यांसमोर उभा राहिला. म्हणाला, "धार लई लावली आपन. आता फटीचं बगू. त्या फटीत हातच जानार न्हाई, असा चरक करतो मी. फकस्त मला सांगा, कुटं कुटं भ्या वाटतं तुमास्नी?"

लोक जमिनीकडे बघत राहिले. पाटील म्हणाला, "कोयत्याला धार हाय न्हवं? मग झालं तर." पूजा आटोपली आणि माणसं पांगली.

हैबतीच्या ध्यानात आलं, की आपल्या तोंडासमोर कुणी बोलणार नाही. आणि नुसतं अपशकुनाचं भय नव्हतं ते. भ्यालो म्हणायची लाज होती. त्यानं मग पंधरा दिवस खपून सागवानाचा हातभर उंचीचा चरक केला. रूळ, दांडी, ऊस देणाऱ्याची बैठक, मागं चिपाडं काढणाऱ्यांची जागा, सगळं जसंच्या तसं. कोयतेवाल्याचा दगडसुद्धा त्यानं चिंचोक्याएवढा ठेवला. तो चरक चिंचेच्या पारावर मांडला, शेजारी वाटीत हळद ठेवली. पूजेला कोयत्यावर वाहिलेली हळद त्यानं खरवडून आणली होती, असं म्हणतात. मग चावडीपाशी उभा राहून एवढंच म्हणाला, "जितं भ्या वाटतं तितं बोट लावा. मी बगनार न्हाई. मी टेकडीवर जातो."

आणि खरोखरच तो गावामागच्या म्हसोबाच्या टेकडीवर जाऊन बसला. तिथून पार दिसतो, पण माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. सगळे येऊन गेले आणि पार रिकामा झाला की मगच उतरायचं, असं त्यानं ठरवलं.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हैबती दोन्ही दिवस उपाशी बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी एकजण पारावर चढला, इकडेतिकडे बघून वाकला आणि निघून गेला. चौथ्या दिवशी चार. पुढं बायका आल्या, पाण्याला जाता जाता. एका हाताची सातही माणसं येऊन गेली. आठवं, ते मात्र आलं नाही. लांब हाताचा माणूस टेकडीवरूनही ओळखू आला असता.

आठव्या दिवशी हैबती पारावर आला आणि बघतच राहिला. सागवानाचा चरक पिवळाधमक झाला होता. रुळांच्या पुढच्या फटीत हळद असणार हे त्याला माहीत होतं. पण मागच्या बाजूला, जिथून चिपाडं निघतात, तिथं पुढच्याहून जास्त हळद होती. तिथं बायका वाकून चिपाडं ओढायच्या. त्यांचे पदर रुळाकडे ओढले जायचे हे त्याच्या तीन पिढ्यांत कुणाला ठाऊक नव्हतं, कारण दगड पुढच्या बाजूला होता आणि कोयतेवाला पुढंच बघायचा. दांडीच्या खालच्या अंगाला हळद होती, वाकून जाताना डोक्याला लागते म्हणून. एकानं चरकाखालच्या फळीवर हळद फासली होती. तिथं रस सांडून निसरडं व्हायचं.

आणि एक बोट लागलेलं होतं त्या चिंचोक्याएवढ्या दगडावर.

हैबतीनं तो दगड तळहातावर घेतला. कुणाला काय सांगायचं होतं, दगडावर बसणाऱ्याचं भय वाटतं, की त्याच्यासाठी भय वाटतं? आधी त्याला वाटलं, चुकून लागलं असेल. पण बोट नीट मधोमध होतं. त्याला रडू आलं. पारावर कुणी नव्हतं, तेव्हा तो रडला.

सगळ्यांत मोठी गोष्ट घडली ती पुढं. चरक पारावरच होता, तेव्हा येताजाता गावानं तो पाहिला. तोवर प्रत्येकाला वाटायचं, भय आपल्या एकट्यालाच आहे, बाकी सगळे मर्द. आता सगळ्यांचं भय एका जागी पिवळं होऊन दिसलं. सगुणा नावाची एक चिपाडं काढणारी बाई होती, तोंडाची फटकळ. ती पाटलाच्या अंगणात जाऊन म्हणाली, "हळद लागली तितं आमी न्हाई बसनार. तुमी बसा." दुसऱ्या दिवशी ऊस देणारेही हेच म्हणाले. पाटील चिडला, हातवारे करून बघितले, मग त्याची नजर उभ्या उसाकडे गेली. चरक मोडायला त्यानं होकाराची मान हलवली.

हैबती कामाला लागला. दांडीसाठी त्याला वर बाक असलेलं बाभळीचं लाकूड हवं होतं, म्हणजे माणसाला वाकावं लागणार नाही. असं म्हणतात, की तो रानात गेला तेव्हा एक बाभूळ आपोआप कमानीसारखी वाकली. मी एवढंच सांगतो, की तसं लाकूड त्याला मिळालं. मागच्या बाजूला त्यानं उतरती फळी बसवली, चिपाडं आपली आपण घसरून लांब पडतील अशी. खाली खरबरीत दगड बसवले. आणि रुळांपुढं चारी बाजूंनी बंद असलेली एक लाकडी पन्हळ बसवली. ऊस तिच्या तोंडातून आत सारायचा. स्वतःचा हात खांद्यापर्यंत आत घालून त्यानं पाहिलं, बोटं रुळाला लागत नव्हती.

पाटलानं विचारलं, "आनि शेवटचं टिपरू? त्ये कोन रेटनार?"

"मागला ऊस फुडल्याला रेटंल," हैबती म्हणाला. इतकं साधं होतं ते, पण तोवर कुणाला सुचलं नव्हतं, कारण हात होते ना रेटायला!

त्यानं पुन्हा हळदीची वाटी ठेवली, या खेपेला खऱ्या चरकापाशी, आणि टेकडीवर गेला. खाली आला तेव्हा चरक कोरा होता. पुढं नाही, मागं नाही, दांडीवर नाही. तो खूश झाला. मग सहज म्हणून रुळाजवळ वाकला, आणि पाहतो तर पन्हळीच्या आतल्या टोकाला, अगदी फटीच्या तोंडाशी, रुळावर तीन बोटं उमटली होती. ताजी, पिवळी.

टेकडीवरून दिसू नये म्हणून अंधारात कुणीतरी येऊन गेलं होतं, आणि त्याचा हात पन्हळीतून रुळापर्यंत पोचला होता. गावात एवढा लांब हात एकाचाच होता, आणि तो एकच उरला होता.

हैबतीनं पन्हळ उपसून काढली. गाव कुरकुरलं. हंगाम निघून चाललाय, ऊस वाळतोय, आणि हा पुन्हा तोडफोड करतोय! एका हातासाठी एवढं कशाला, असंही कुणी म्हणालं. हैबतीनं ऐकून घेतलं आणि नवी पन्हळ केली. पण लांबी किती धरावी ते त्याला कळेना. ज्याच्या हाताचं माप हवं, त्याचं दार बंद. त्यानं आठवणीनं माप घेतलं. पूर्वी पेरूच्या झाडाखाली तो हात किती वर जायचा ते आठवलं, झाडापाशी जाऊन खूण केली, आणि वर एक वीत जास्त धरली.

चरक सुरू करायचा दिवस आला. सगळं गाव जमलं. हैबती आपल्या दगडावर कोयता घेऊन उभा राहिला, सवयीनं. ऊस द्यायला कोण बसणार यावर कुजबुज चालली होती, तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि खेमा आला. कुणाकडे न बघता तो बैठकीवर बसला. ऊस घेतला नाही. राहिलेला डावा हात त्यानं खांद्यापर्यंत पन्हळीत घातला आणि बैलवाल्याला म्हणाला, "हाक."

कुणी हलेना. सगुणानं डोळ्यांवर पदर घेतला. खेमा पुन्हा म्हणाला, "हाक म्हंतो न्हवं?"

बैल चालले. हैबतीनं कोयता वर उचलला. असं म्हणतात, की कोयत्याला घातलेल्या झेंडूच्या हाराची फुलं गळून दगडावर पडत होती. खेमानं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"ठेव खाली त्ये," खेमा म्हणाला.

हैबतीची मूठ सुटेना.

"तवा तुला हाक मारली, ती मार म्हनूनच मारली व्हती," खेमा म्हणाला. "आज हाक मारत न्हाई. ठेव."

बैलांनी सात फेरे घातले. खेमाची बोटं रुळापासून वीतभर अलीकडेच राहिली. सातव्या फेऱ्याला, असं म्हणतात, चरकाची ती जन्माची करकर थांबली, आणि हैबतीच्या हातातल्या कोयत्याचं पातं मुठीतून आपसूक निखळून खाली पडलं. त्या वर्षी शेळवंडीत कुणाचं नखसुद्धा गेलं नाही. पुढच्या वर्षी नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही. आसपासच्या गावांचे सुतार येऊन पन्हळीचं माप घेऊन गेले.

आता इथं गोष्ट संपायला हवी होती. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, असं सांगून मला पानसुपारी खायला मोकळं होता आलं असतं. पण तसं झालं नाही.

गावाला त्याच्याबद्दल माया वाटू लागली, ती खरीच होती. जोंधळ्याबरोबर दारात गूळ येऊ लागला. पण नाव कुणाच्या तोंडून निघेना. अपशकुनाचं भय गेलं, तर सवय राहिली. सवय जाईल, तर इतक्या वर्षांनी कसं घ्यायचं ही लाज राहिली. संध्याकाळी खेमा येऊन दगडावर त्याच्या शेजारी बसायचा. दोघं नदीकडे बघत बसायचे. "काय रं," खेमा म्हणायचा. "काय न्हाई," हैबती म्हणायचा. पण नाव खेमाही घेत नसे, आणि सगळ्यांत जास्त तोच भ्यायचा. ते नाव त्यानं शेवटचं घेतलं तेव्हा काय झालं, ते त्याच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार?

दरवर्षी गुऱ्हाळाआधी हैबती चरकापाशी हळदीची वाटी ठेवायचा आणि टेकडीवर जायचा. लाकूड झिजतं, माणसं बदलतात, नवं भय तयार होतं, असं त्याचं म्हणणं. आपण असलो की लोक संकोचतात हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं. तेव्हा वर बसून तो पार आणि चरक रिकामा व्हायची वाट बघे, आणि शेवटचं माणूस घरी गेलं की उतरे. अशी तीस वर्षं गेली. केस पिकले, गुडघे गेले, तरी टेकडी सुटली नाही.

शेवटच्या वर्षी सगुणा, आता म्हातारी झालेली, गावाला म्हणाली, "तीस वर्सं त्यो मानूस आपल्यासाठी उन्हात बसतोय. एक डाव तरी त्याला पानावर बसवा." सगळ्यांना पटलं. त्या दिवशी लोकांनी हळद लावली आणि घरी गेले नाहीत. चिंचेखाली चुली पेटल्या. पोळ्या झाल्या, गुळवणी झाली, आमटीला कड आला. पानं मांडली. मधलं पान हैबतीचं. तो उतरला की त्याला हाताला धरून बसवायचं, असं ठरलं.

गाव त्याच्या उतरण्याची वाट बघत बसलं. आणि वर हैबती, गाव घरी जायची वाट बघत बसला.

दुपार टळली. तो उतरेना. त्याला वरून माणसं दिसत होती, धूर दिसत होता. असेल काही सण, असं त्याला वाटलं असेल. आपण मध्येच गेलो तर त्यांचा बेरंग होईल. खाली लोक म्हणत होते, येईल आता. पोरं भुकेनं रडायला लागली, त्यांना वाढलं. ऊन उतरलं. वारा सुटला. कुणीतरी एक हाक मारायला हवी होती. एवढंच. पण सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

सूर्य टेकला तेव्हा खेमा उठला. एका हातानं झुडपं धरत टेकडी चढला. कुणी म्हणतात, हैबती दगडाला टेकून बसला होता, डोळे पाराकडे लागलेले आणि अंग गार. कुणी म्हणतात, तिथं नुसतं त्याचं पागोटं होतं आणि शेजारी पटाशी. काय होतं ते एका खेमानं पाहिलं, आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नाही.

खाली गावाला फक्त आवाज ऐकू आला. नदीपलीकडून यायचा तसा, तरुणपणीचा.

"हैबतीऽऽ! हैबती, खाली ये रं! हैबतीऽऽ!"

तीन हाका. असं म्हणतात, की अलीकडच्या पलीकडच्या सगळ्या गुरांनी माना वर केल्या, आणि त्याची हाक कधी परत न देणाऱ्या नदीनं तिन्ही हाका परत दिल्या. गाव पानं सोडून उभं राहिलं आणि मोठ्यानं रडलं.

आता शेळवंडीत लाकडी चरक नाही. इंजिनं आली, लोखंडी रूळ आले, मग विजेची मोटार आली. पण अजून तिथं हळदीचा दिवस पाळतात. गुऱ्हाळ लागायच्या आधी एक दिवस चरक बंद ठेवतात, वाटीत हळद ठेवतात, आणि मालक गावाबाहेर जाऊन बसतो, म्हणजे कुणाला भीड पडू नये. ऊस देणारे, चिपाडं ओढणाऱ्या बाया, रस आटवायच्या काहिलीवरचा गुळव्या, ज्याला जिथं भय वाटतं तिथं तो बोट लावतो. हळद लागली त्या जागेचं काम झाल्याशिवाय मोटारीचा खटका कुणी दाबत नाही. देवळात एक काठी टांगलेली आहे, तिला 'खेमाचा हात' म्हणतात. नवं यंत्र कुठूनही येवो, ती काठी आत घालून बघतात, आणि ती रुळाला टेकली तर ते यंत्र आल्या पावली परत जातं. कोयत्याचं पातं तिथंच आहे, मुठीवाचून. जुना दगडही आहे. त्याच्यावर दरवर्षी कुणीतरी मधोमध हळदीचं बोट लावून जातं, आणि ते मात्र पुसत नाहीत.

मग संध्याकाळी चिंचेखाली पंगत बसते. मधलं पान टेकडीकडे तोंड करून मांडलेलं असतं. त्यावर पोळी वाढतात, गुळवणी वाढतात. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई उठून उभी राहते, टेकडीकडे बघते आणि हाक मारते. दुसरी हाक चरकावर काम करणारे मारतात. तिसरी हाक सगळं गाव मिळून, लहान पोरांसकट, घसा फोडून:

"हैबती, खाली ये! आमचं झालं!"

मग टेकडीची वाट खाली उतरते तिकडे सगळे एकदा बघतात, आणि जेवायला सुरुवात करतात.